थेंब वाळतो, डाग उरतो

स्टीलच्या ताटलीवर नळाच्या पाण्याचा एक थेंब टाका आणि तो आपोआप वाळू द्या. काही वेळाने पाणी गेलेलं असतं, पण ताटली पहिल्यासारखी नसते. थेंबाच्या जागी एक फिकट पांढरं कडं उमटलेलं दिसतं. नखाने खरवडलं तर थोडं निघतं, थोडं तसंच राहतं. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियमचे क्षार पाण्याबरोबर उडून जात नाहीत, ते मागे बसतात. ताटलीला त्याने काही होत नाही. तोच थेंब फोनच्या आत, एकमेकांपासून अर्ध्या मिलिमीटरवर असलेल्या धातूच्या दोन टोकांमध्ये वाळला, तर ते पांढरं कडं त्या दोन टोकांमधला पूल होऊन बसतं. हवेत जरा ओल आली की तो पूल पुन्हा जागा होतो.

फोन पाण्यात पडला की आपण सगळे तो वाळवण्याच्या मागे लागतो. किती तास ठेवायचा, कशात ठेवायचा, उन्हात की पंख्याखाली, सगळी चर्चा वाळवण्याची. पाणी गेलं की संकट गेलं, असं मनाने धरलेलं असतं. आणि खरोखरच पुष्कळ फोन दोन दिवसांनी चालू होतात, जीव भांड्यात पडतो, आणि मग तीन आठवड्यांनी एका सकाळी तो फोन उठतच नाही. त्या दिवशी पाण्याची आठवणही कुणाला नसते. फोन जुना झाला होता, असं म्हणून विषय संपतो.

आत नेमकं काय होतं ते एकदा नीट समजून घेतलं, की काय करायचं आणि काय टाळायचं हे पाठ करावं लागत नाही.

अगदी शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जात नाही. पण आपल्या फोनच्या वाट्याला येणारं पाणी कधीच शुद्ध नसतं. नळाच्या पाण्यात क्षार असतात, घामात मीठ असतं, पोहण्याच्या तलावात क्लोरीन असतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि ते पाणी नळाच्या पाण्यापेक्षा शंभरेक पट सहज वीज वाहून नेतं. आता दुसरी बाजू पाहा. फोनची बॅटरी पूर्ण भरलेली असते तेव्हा ४.२ ते ४.४ व्होल्ट देते. आकडा किरकोळ वाटतो. पण पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन व्हायला तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात. म्हणजे फोनच्या आतला बोर्ड, सगळे भाग जिच्यावर बसवलेले असतात ती पट्टी, ओला असेल आणि त्यावर बॅटरीचा दाब (व्होल्टेज) असेल, तर शाळेतल्या प्रयोगशाळेत केलेला विद्युत अपघटनाचा प्रयोग तिथे आपसूक सुरू होतो, फक्त तिथल्या इलेक्ट्रोडच्या जागी तुमच्या फोनच्या बोर्डावर वीज नेणारी तांब्याची वाट असते.

त्या प्रयोगात धन टोकाकडचं तांबं विरघळून पाण्यात उतरतं. ते पाण्यातून सरकत ऋण टोकाकडे जातं आणि तिथे पुन्हा धातू होऊन बसायला लागतं. ते सपाट बसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पानगळ झालेल्या झाडाच्या फांद्यांसारखे तंतू दिसतात, ऋण टोकापासून फुटत फुटत धन टोकाच्या दिशेने निघालेले. तंतू पलीकडे पोचला की दोन टोकं जोडली गेली, शॉर्ट झाला. कधी तो तंतू बारीक असल्यामुळे लगेच जळून तुटतो आणि पुन्हा वाढायला लागतो. हे सगळं घडायला दिवस लागत नाहीत, दाब आणि ओल दोन्ही असतील तर काही मिनिटं पुरतात. दरम्यान धन टोकाकडची तांब्याची वाट झिजत असते. एखादी वाट पूर्ण खाल्ली गेली, की मग नुसतं साफ करून भागत नाही, त्या जागी केसासारख्या तारेचा जंपर मारावा लागतो.

दाब जिथे जास्त, तिथे हा गंज आधी. एलसीडी पडद्याच्या फोनमध्ये पडद्यामागचे दिवे पेटवण्यासाठी बॅटरीचा दाब वाढवून कितीतरी पट केलेला असतो, म्हणून भिजलेल्या अशा फोनमध्ये बहुतेक वेळा आधी उजेड जातो. फोन वाजतो, थरथरतो, पडदा मात्र काळा. पुष्कळ लोक त्या फोनला गेला म्हणून बाजूला ठेवतात. तो गेलेला नसतो. टॉर्चचा झोत तिरपा मारला तर काळ्या काचेमागे चित्र अंधुक दिसतंही.

तर शत्रू एकटं पाणी नाही. पाणी, क्षार आणि बॅटरीचा दाब हे तिघं एकत्र आले की फोन मरतो. पाणी घालवायला वेळ लागतो, क्षार काढायला फोन उघडावा लागतो. दाब काढणं तेवढं आपल्या हातात लगेच असतं, आणि नेमकं तेच आपण करत नाही. पाण्यातून काढल्याबरोबर आपण काय करतो? बटण दाबून पाहतो. चालू आहे का, एवढंच पाहायचं असतं. त्या क्षणाची घालमेल खरी असते, कारण आत फोटो असतात, नंबर असतात, कुणाचा तरी जपून ठेवलेला आवाज असतो. पण चालू आहे का हे पाहण्यासाठी दाबलेलं बटण पुष्कळदा फोन बंद पाडतं. बंद फोनमध्ये बोर्डाच्या थोड्याच भागात दाब असतो. बटण दाबलं की प्रोसेसर, मेमरी, कॅमेरा, पडदा अशा एकेका विभागाच्या लाइनी जाग्या होतात आणि ओल जिथे कुठे असेल तिथे गंजाला वाट मिळते.

म्हणून फोन चालू अवस्थेत बाहेर आला, तर पहिलं काम तो बंद करणं. पडदा ओला असेल तर बोट ओळखलं जात नाही, भलतीकडेच उघडझाप होते. अशा वेळी आधी सुती फडक्याने काच कोरडी पुसा, मग बंद करण्याच्या मेनूत जा. दोन बटणं धरून ठेवण्याची युक्ती अनेक फोनमध्ये फोन बंद करत नाही, पुन्हा चालू करते. आपल्या फोनचं काय आहे हे कोरड्या दिवशी एकदा पाहून ठेवलेलं बरं. फोन बंद अवस्थेत सापडला असेल तर त्याला हात लावू नका, म्हणजे बटणाला. चार्जर लावून पाहणं तर त्याहून वाईट. चार्जरची पिन घातली की बंद फोनसुद्धा जागा होतो, आणि बॅटरीच्या वर आणखी ५ व्होल्ट ओल्या पोर्टात येतात. टाइप-सी पोर्टात २४ टोकं एकमेकांपासून अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरवर उभी असतात आणि दाबाच्या टोकाशेजारीच माहितीची नाजूक टोकं असतात. त्या बोळात एक थेंब पुरतो. वायरलेस चार्जिंगने पोर्ट वाचेल, पण बोर्ड वाचणार नाही. तेही नको.

इथे एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. बंद केलेला फोन पूर्ण बंद नसतो. बॅटरी बोर्डाला जोडलेलीच असते, मुख्य लाइनवर तिचा दाब कायम असतो, घड्याळ आत चालू असतं. काही फोन तर बंद असतानाही हरवलं-सापडलंसाठी आपला ठावठिकाणा कळवत राहतात. जुन्या फोनचं मागचं झाकण नखाने निघायचं आणि बॅटरी हातात यायची, दोन सेकंदांत दाब शून्य. ज्यांच्याकडे अजून असा फोन आहे त्यांनी बाकी काही करण्याआधी बॅटरी काढावी. आताच्या चिकटवलेल्या फोनमध्ये ती सोय गेली. म्हणून ‘बंद करून दोन दिवस ठेवा’ हा सल्ला अर्धाच आहे. त्या दोन दिवसांत आतला प्रयोग हळू गतीने चालूच असतो.

बंद केल्यावर कव्हर काढा. कव्हर आणि फोनच्या मधल्या फटीत चमचाभर पाणी सहज लपून राहतं. सिमचा ट्रे काढा, सिम आणि मेमरी कार्ड पुसून कोरड्या जागी ठेवा. ट्रेच्या खाचेत टॉर्च मारून पाहिलं तर अनेक फोनमध्ये आत एक छोटी पांढरी टिकली दिसते. पाणी लागलं की ती लाल किंवा गुलाबी होते आणि पुन्हा कधी पांढरी होत नाही. टिकली पांढरी असेल तर निदान त्या वाटेने पाणी आत गेलेलं नाही. लाल असेल तर फोन उघडावाच लागेल असं समजा.

फोन जोरात झटकू नका. झटकल्याने पाणी बाहेर येतं तसं आतही पसरतं, आणि जिथे अजून पोचलेलं नाही त्या कोपऱ्यात जाऊन बसतं. चार्जिंगचं पोर्ट खाली करून फोन धरा आणि तळहातावर हलक्या टिचक्या द्या, जेवढं निथळेल तेवढं निथळू द्या. पोर्टात कापूस, काडी, टिश्यूची गुंडाळी खुपसू नका. स्पीकर आणि माइकच्या छिद्रांत पिन तर मुळीच नाही. पाण्यापासून संरक्षण असलेल्या फोनमध्ये त्या छिद्रांमागे एक पातळ पडदा ताणलेला असतो, त्यातून हवा आरपार जाते आणि पाणी अडतं. एका टोचणीने तो फाटतो, आणि मग पुढचा प्रत्येक पाऊस थेट आत.

ऊब देण्याचा मोह आवरायला हवा. केस वाळवण्याच्या ड्रायरचा झोत पाण्याला फटीतून आत ढकलतो, कडेचा डिंक मऊ करतो, आणि आतलं पाणी वाफ होऊन कॅमेऱ्याच्या भिंगावर जाऊन बसतं. फोन ठेवण्याची जागाही ४५ अंश सेल्सिअसच्या वर नसावी असं अ‍ॅपल आपल्या फोनसाठी सांगतं, लिथियमच्या बाकी बॅटऱ्यांची प्रकृतीही काही फार वेगळी नाही. ओव्हन, गॅसशेजारचा ओटा, बंद गाडीतलं ऊन, सगळं वर्ज्य. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्लाही कुठून तरी येतो. गोठताना पाणी नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं आणि बाहेर काढल्यावर थंड बोर्डावर हवेतलं बाष्प नव्याने धरतं. म्हणजे आधी होतं त्यापेक्षा जास्त पाणी.

आणि तांदूळ. तांदळावर राग धरण्यासारखं काही नाही, पण तांदूळ काही करत नाही. धान्याचा कोरडा दाणा बंद फोनच्या आतून, धातूच्या झाकणांखालून, फटींतून पाणी ओढून घेऊ शकत नाही. डब्यात पुरलेल्या फोनभोवतीची हवा उलट कोंडते. मोकळ्या जागी पंख्यासमोर उभा ठेवलेला फोन त्यापेक्षा लवकर वाळतो, कारण ओल काढून नेते ती वाहती हवा. शिवाय तांदळाची पूड आणि कणी पोर्टात जाते, ओली होऊन खळ बनते. अ‍ॅपलने २०२४च्या सुरुवातीला आपल्या सूचनांत फोन तांदळात ठेवू नका असं स्पष्टच लिहिलं, कारण तांदळाचे बारीक कण फोनला इजा करू शकतात. तांदळात ठेवलेले फोन चालू होतात ते तांदळामुळे नव्हे, त्या निमित्ताने दोन दिवस कुणी बटण दाबत नाही म्हणून. तेवढ्यापुरता तांदळाचा उपयोग आहे. सिलिका जेलच्या पुड्या तांदळापेक्षा बऱ्याच सरस. दमट हवेत सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल धरतं. पण बुटांच्या खोक्यातल्या दोन पुड्यांनी काही होत नाही, मूठ-दोन मूठ हवं, आणि हवाबंद डबा हवा. तरीही ते फक्त पाणी काढतं. ताटलीवरचं कडं तिथेच राहतं.

आता पाणी कोणतं, यावर पुढचं सगळं ठरतं. फोनच्या पेटीवर आयपी६७ (पाणी आणि धुळीपासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलेलं असेल तर आयईसी ६०५२९ या मानकाप्रमाणे तो १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं टिकतो, आयपी६८ असेल तर त्याहून कडक अटींवर, पण त्या अटी कंपनी ठरवते. कुणी दीड मीटर म्हणतं, कुणी सहा. ही चाचणी नव्या फोनवर, स्थिर आणि गोड्या पाण्यात होते. नळाची जोरदार धार ही वेगळी परीक्षा आहे, त्यासाठी वेगळा आकडा असतो. साबण तर फार धोक्याचा. पाणी छिद्रांमागच्या त्या ताणलेल्या पडद्यावर थेंब होऊन अडकतं ते त्याच्या पृष्ठताणामुळे, आणि साबणाचं काम नेमकं तो ताण मोडण्याचं. म्हणून शॉवरमध्ये किंवा कपड्यांबरोबर यंत्रात गेलेला फोन बादलीत पडलेल्या फोनपेक्षा जास्त भिजतो. शिवाय कडेचा डिंक वर्षागणिक सुकत जातो, फोन एकदा आपटला की कुठेतरी भेग पडते, फोनचा दर्शनी पडदा एकदा बदलला असेल तर मूळचं सील राहिलेलंच नसतं. तीन वर्षांच्या फोनच्या पेटीवरचा आकडा त्या पेटीचाच समजावा.

असा संरक्षण असलेला, धडधाकट फोन क्षणभर साध्या पाण्यात पडला असेल, तर पुसून, पोर्ट खाली करून निथळवून, हवेशीर जागी ठेवणं एवढंच बहुधा पुरतं. पोर्टात ओल असल्याची सूचना पडद्यावर येते, काही फोनवर थेंबाचं चिन्ह येतं. ती जाईपर्यंत केबल लावायची नाही. अ‍ॅपल यासाठी किमान अर्धा तास थांबायला सांगतं, आणि पूर्ण सुकायला २४ तासही लागू शकतात असं म्हणतं. स्पीकर बसका वाटत असेल तर खर्जातला आवाज वाजवून पाणी उडवण्याची अ‍ॅप्स असतात. स्पीकरच्या जाळीतलं पाणी त्याने खरंच निघतं. पण तेवढंच निघतं, आणि त्यासाठी फोन चालू लागतो, म्हणून आत पाणी गेल्याची शंका असलेल्या फोनवर हा प्रयोग नको.

समुद्र, घाम, गोड पेयं, साबण यांपैकी काही लागलं असेल, तर एक काम मनाविरुद्ध करावं लागतं. फोन बंद करून तो स्वच्छ गोड्या पाण्याने धुवावा लागतो. संरक्षण असलेला फोन मंद धारेखाली बाहेरून धुता येतो. संरक्षण नसलेला फोन समुद्रात बुडालाच असेल आणि बॅटरी काढता येत असेल, तर बॅटरी बाजूला ठेवून उरलेला फोन डिस्टिल्ड वॉटरने धुणं हे मीठ वाळू देण्यापेक्षा शहाणपणाचं आहे. समुद्राच्या पाण्याशी दाबाचा खेळ फार जलद चालतो, अशा फोनला पंख्यासमोर दोन दिवस ठेवणं म्हणजे दोन दिवस वाया घालवणं. साखरेचं पेय वाळून चिकट थर होतो आणि बटणं, स्पीकर, कॅमेऱ्याची हलती भिंगं जखडतो.

आता खरी दुरुस्ती. ज्याने कधी फोन उघडलेला नाही त्याने भिजलेल्या फोनवर पहिला हात चालवू नये. पण दुरुस्तीला देतानाही आत काय व्हायला हवं हे आपल्याला ठाऊक असलं, तर ‘वाळवून दिला’ आणि ‘साफ करून दिला’ यातला फरक विचारता येतो.

मागची काच किंवा पडदा ऊब देऊन सैल करतात, इथे ऊब लागते पण मोजून आणि फक्त कडेला. फट पडली की गिटारच्या नखीसारखी पातळ प्लास्टिकची पट्टी फिरवत डिंक सोडवतात. आतले स्क्रू कागदावर जागेनुसार मांडून ठेवायचे, कारण एकाच फोनमध्ये ते मिलिमीटरच्या अंशांनी लहानमोठे असतात. लांब स्क्रू चुकून आखूड जागी घट्ट बसवला तर तो बोर्डाच्या आतले थर भोसकतो, आणि पाण्याने जे केलं नव्हतं ते स्क्रू करून जातो. झाकणं निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर प्लास्टिकच्या टोकाने उचलायचा. त्या क्षणी गंजाची भूक मोडते. यानंतर घाई उरत नाही. म्हणून पहिल्या तासात उघडून बॅटरी सोडवलेला फोन चार दिवस कशातही ठेवलेल्या फोनपेक्षा कितीतरी अधिक वेळा वाचतो. दुकानात पोचायला उशीर होणार असेल तर निदान एवढं एक काम आधी करून घ्यावं.

मग बोर्ड बाहेर काढून भिंगाखाली धरला, की पाणी कुठून कुठे गेलं त्याचा नकाशा दिसतो. कनेक्टरच्या टोकांवर हिरवट-निळसर बुरशीसारखं काही जमलेलं असतं, तो तांब्याचा गंज. पांढरी पूड बहुतेक क्षारांची. काळा डाग म्हणजे तिथे जळलं आहे. एखाद्या कपॅसिटरच्या, मोहरीहूनही लहान अशा करड्या ठोकळ्याच्या, एका टोकाचं चकाकणारं सोल्डर निस्तेज झालेलं असतं. वरून जे दिसतं ते थोडं. खरी गोची पत्र्याच्या झाकणांखाली आणि आयसींच्या, म्हणजे बोर्डावर बसवलेल्या चिपांच्या, पोटाखाली असते. आयसी आणि बोर्ड यांच्यामधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, त्यात सोल्डरच्या गोळ्यांच्या रांगा. त्या फटीत शिरलेलं पाणी आपोआप बाहेर यायला फार वेळ घेतं. पत्र्याची झाकणं म्हणूनच काढावी लागतात. काही नुसती दाबून बसवलेली असतात, काही सोल्डर केलेली.

सफाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, सगळे त्याला आयपीए म्हणतात. ते ९९ टक्क्यांचं हवं. औषधाच्या दुकानात मिळणारं ७० टक्क्यांचं जखमेला ठीक, त्यात तीस टक्के पाणीच असतं. आयपीएचा पृष्ठताण पाण्याच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी, त्यामुळे पाणी जिथे अडकलं आहे त्या फटीत ते सहज शिरतं, पाण्यात मिसळतं, त्याला बाहेर आणतं आणि मागे काही न ठेवता उडून जातं. पण इथे एक चूक सर्रास होते. मीठ आयपीएमध्ये जवळजवळ विरघळत नाही. समुद्राच्या पाण्याने भिजलेला बोर्ड थेट आयपीएमध्ये बुडवला तर पाणी निघतं आणि मीठ तिथेच राहतं, उलट पक्कं वाळतं. म्हणून क्रम असा. बॅटरी, पडदा, कॅमेरे बाजूला काढून उघडा बोर्ड आधी डिस्टिल्ड वॉटरने धुवायचा, मऊ टूथब्रशने कनेक्टरच्या रांगा हलक्या हाताने घासायच्या, पाणी बदलून पुन्हा धुवायचा. क्षार पाण्यातच उतरतात. त्यानंतर आयपीएमध्ये बुडवून पुन्हा ब्रश, म्हणजे उरलेलं पाणी निघून जातं. ब्रश एका दिशेने ओढायचा, रगडायचा नाही. गंजलेल्या टोकांचे छोटे भाग आधीच सैल झालेले असतात.

आयसीच्या पोटाखाली ब्रश जात नाही, तिथे अल्ट्रासॉनिक यंत्र लागतं. ४० किलोहर्ट्झच्या आसपासच्या कंपनांनी द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटतात, तेच फटीतला मळ सोडवतात. तीन ते पाच मिनिटं पुरतात. मात्र माइक आणि हालचाल ओळखणारे सेन्सर हेही आतून कंप पावणारे सूक्ष्म भाग आहेत. जास्त वेळ ठेवलं तर तेच निकामी होतात. बॅटरी आणि कॅमेरा त्या यंत्रात कधीच टाकायचे नाहीत. आणि आयपीए पेट घेतं, त्याची वाफसुद्धा. खिडकी उघडी हवी, जवळ ज्योत नको, तापलेली सोल्डरिंग आयर्नही नको. यंत्राच्या टाकीत थेट आयपीए ओतणं तर जिवावरचं काम, तिथे त्यासाठीचा न पेटणारा द्रव वापरायचा.

साफ करून वाळवलेला बोर्ड लगेच फोनमध्ये बसवत नाहीत. जाणता कारागीर त्याला डीसी सप्लायवर, म्हणजे बॅटरीच्या जागी वीज पुरवणाऱ्या यंत्रावर, ४ व्होल्टच्या आसपास जोडतो आणि बटण न दाबता वीज किती जाते ते दाखवणारा काटा पाहतो. निरोगी बोर्ड बटण दाबेपर्यंत जवळजवळ काहीच वीज खात नाही. जोडताक्षणी काटा उडाला तर मेन लाइन शॉर्ट आहे. शॉर्ट कुठे आहे हे शोधण्याची रीत पाहण्यासारखी आहे. बोर्डावर आयपीएचा पातळ हात फिरवायचा आणि कमी दाबावर वीज सोडायची. सगळा बोर्ड ओला चमकत असतो आणि एक ठिपका आधी कोरडा पडतो. तिथलं अल्कोहोल उडालं, म्हणजे तिथे ऊब आहे, म्हणजे वीज तिथे गळते आहे. बहुतेक वेळा तो एखादा कपॅसिटर असतो. तो काढला की पुष्कळदा फोन उठतो. आता थर्मल कॅमेरे आले, काम जलद झालं, पण रीत तीच.

बॅटरीबद्दल हयगय नको. भिजलेल्या फोनची बॅटरी फुगलेली दिसली, फोनचा मागचा भाग उचलल्यासारखा वाटला, गोडसर रासायनिक वास आला किंवा बंद असूनही फोन कोमट लागला, तर तो फोन उशीजवळ, गादीवर, कपड्यांत ठेवू नका. फरशीसारख्या न जळणाऱ्या जागी, मोकळ्यावर ठेवा आणि चार्ज करू नका. फुगलेली बॅटरी टोचून हवा काढण्याची वस्तू नाही. भिजलेल्या फोनला शक्यतो नवी बॅटरी घालावी, जुनी वाचवण्यात अर्थ नाही.

फोन उघडायची कसलीच सोय नसेल तर काय करायचं, हेही सांगायला हवं. पंख्यासमोर, पोर्ट खाली, ट्रे बाहेर, ४८ तास. त्यात बटण नाही, चार्जर नाही. दम धरवत नसेल तर फोन दुसऱ्याच्या कपाटात ठेवायला द्या. आणि त्यानंतर तो चालू झाला, की पुढचा तास फार मोलाचा असतो. त्या तासात लोक मेसेज वाचतात. त्याऐवजी फोटो, नंबर, कागदपत्रं बाहेर काढायला घ्या, बाकी सगळं नंतर. हे एवढं निकडीचं का, तर आताच्या फोनमधला सगळा साठा कूटबद्ध असतो आणि त्याची किल्ली त्याच बोर्डाच्या प्रोसेसरमध्ये अडकलेली असते. पूर्वीसारखी मेमरीची आयसी काढून दुसरीकडे वाचता येत नाही. वाचायचं तर तोच बोर्ड, त्याच प्रोसेसरसह, निदान एकदा तरी जागा व्हायला हवा आणि पासवर्ड घालता यायला हवा. पडदा दिसतो पण टच चालत नाही असं झालं, तर पोर्ट साफ आणि पूर्ण कोरडं असल्याची खात्री करून बहुतेक अँड्रॉइड फोनना ओटीजी जोडणीने, म्हणजे फोनच्या पोर्टात दुसरं उपकरण लावू देणाऱ्या छोट्या जोडाने, संगणकाचा साधा माउस लावता येतो. पडद्यावर बाण येतो, कुलूप उघडता येतं. पडदाच काळा असेल तर फोनवर रिंग देऊन पाहा. वाजला किंवा थरथरला तर बोर्ड जिवंत आहे, नवा पडदा जोडून माहिती निघते. ज्यांचं बँकेचं कामकाज त्याच नंबरवर येणाऱ्या ओटीपीवर चालतं त्यांनी सिम तोवर दुसऱ्या फोनमध्ये घालावं. ई-सिम असेल तर ते हलवण्याची तजवीज पहिल्याच दिवशी करावी.

चालू झालेल्या फोनकडे पुढचे काही आठवडे लक्ष ठेवायला हवं. रात्री ठेवलेला फोन सकाळपर्यंत निम्मा उतरतो का, एकाच जागी तापतो का, चार्जिंग कासवगतीने होतं का, समोरच्याला आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा जातो का. कॅमेऱ्याच्या भिंगाआड सकाळी धुकं धरतं आणि दुपारी जातं का. यातलं एकही दिसलं तर आत अजून ओल किंवा क्षार आहेत, आणि फोन चालतोय तोवरच तो साफ करून घेतला पाहिजे. चालत्या फोनची सफाई करायला सहसा कुणी तयार होत नाही, मालकही नाही आणि कधी कधी कारागीरही नाही. पण वाट झिजून तुटण्याआधीची सफाई अर्ध्या तासाची असते आणि नंतरची दुरुस्ती भिंगाखाली केसाएवढ्या तारा जोडण्याची.

एकदा उघडलेल्या फोनला कडेचा नवा डिंक किंवा गॅस्केट (सीलची पट्टी) लावून घ्या, तो नीट बसेपर्यंत फोन क्लिपांनी दाबून ठेवावा लागतो. एवढं करूनही कारखान्यातलं सील परत येत नाही. पेटीवर आयपी६८ असलं तरी यापुढे तो फोन साधा फोनच, पावसात पिशवीत ठेवायचा आणि ओल्या हाताने उचलायचा नाही.